शेवटच्या ओळीतली टिकटिक

अमेरिकेत कंट्री संगीताचं माहेरघर म्हणजे नॅशव्हिल. इथे रेकॉर्डिंग तीन-तीन तासांच्या पाळीत चालतं. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. वादकांच्या युनियनचा हिशोबच तसा आहे. मी म्युझिक रोवरच्या, म्हणजे इथल्या स्टुडिओंच्या वस्तीतल्या, एका स्टुडिओत सहायक होतो. माइक लावायचे, केबली गुंडाळायच्या, आणि प्रत्येकाच्या हेडफोनमध्ये ज्याला जे हवं ते हवं तेवढं सोडायचं.

त्या दिवशीची गायिका विशीतली. दोन वर्षं इथल्याच ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये बक्षिशीवर गाऊन झालेली, आणि रेडिओसाठीचं हे पहिलंच गाणं. आईचं घर विकायला काढलंय, एवढाच विषय.

दहाला कागद वाटले. इथे वादकांच्या कागदावर कॉर्डची नावं नसतात, तो सा पासून कितव्या स्वरावर उभा आहे त्याचे नुसते आकडे असतात: १, ४, ५, मायनर कॉर्ड असेल तर ६ पुढे छोटी रेघ. द जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. पहिल्याच फेरीत पोरीचा आवाज वर अडकला. ती ओशाळून म्हणाली, "अर्धा स्वर उतरू या का?" कुणी पेन्सिलीला हातही लावला नाही. गिटारवाल्याने तारा दाबून धरणारा चिमटा, कॅपो, सरकवला, पेडल स्टील म्हणजे आडव्या गिटारवाल्याने हातातली दांडी एक घर मागे धरली, झालं. आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. बुवांचा घसा बसला की काळी पाच सोडून पांढरी सहा धरायची, सा तिथे, पुढचं भजन तसंच. सांगलीतून इतक्या लांब येऊन मला त्या कागदात सरगमच दिसत होती.

तिसऱ्या फेरीत ती गायली. तसा तो आवाज नुसता वादकांना अंदाज यावा म्हणून असतो, खरं गाणं नंतर सावकाश घेतात. शेवटच्या ओळीच्या वर कागदावर १ भोवती हिऱ्याची खूण होती. म्हणजे सगळ्यांनी एकदा वाजवायचं आणि नाद सोडून द्यायचा. त्यावर ती एकटी. तिथे हेडफोनमधला क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, बंद करणं माझं काम. माझा हात बटणावर होता. मी ऐकत बसलो.

निर्माता म्हणाला, "हाच." तिने नंतर सहा-सात वेळा पुन्हा गाऊन पाहिलं, पण ते काही केल्या जमेना. मग मूळ टेक मोठ्याने लावला, आणि शेवटच्या ओळीखाली टिक, टिक, टिक. हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरलेली. निर्मात्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शब्दांच्या मधली टिकटिक पुसता येते. पण दोन ठिकाणी ती नेमकी तिच्या श्वासावर बसली होती, आणि खरवडायला गेलं की श्वासच जात होता.

बाराचाळीस झाले होते. ड्रमर काठ्या पिशवीत घालत होता, दोनला त्याचं दुसरीकडे काम. त्याने एवढंच विचारलं, "किती आहेत?"

"सात."

तो परत बसला, काठी स्नेअर ड्रमवर आडवी टेकवली आणि तिच्या टोकाने कडेवर हलकेच सात ठोके दिले. बरोबर क्लिकवर. लाकडाच्या आवाजात टिकटिक विरघळली.

गाणं रेडिओवर आलं, फार वर गेलं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. २०१५ मध्ये एका कंट्री रेडिओ सल्लागाराने गायिकांना सॅलडमधले टोमॅटो म्हटलं होतं, म्हणजे चवीपुरत्याच घ्यायच्या. डिसेंबर २०१८ मध्ये तर बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री एअरप्ले यादीत, म्हणजे रेडिओवर सगळ्यात जास्त वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या यादीत, पहिल्या वीसमध्ये एकही बाई नव्हती.

वर्षभराने तिच्या कार्यक्रमाला गेलो. ड्रमर वेगळाच होता, आमच्या स्टुडिओत कधी न आलेला. शेवटच्या ओळीला सगळे थांबले, त्याने काठी आडवी केली आणि ठोके दिले. मी मोजले. सात.