आधी पट्टी, मग आकडेमोड

'ताईकडे २४ मणी आहेत. ते दादाच्या मण्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत, तर दादाकडे किती?' तिसरीत हे उदाहरण घातलं की कितीतरी वह्यांत ३० उत्तर यायचं. वजाबाकी मुलांना येत होती. पण 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती डोक्यात पक्की बसलेली.

म्हणून मी पट्ट्यांच्या आकृत्यांकडे वळले, म्हणजे उदाहरणातल्या प्रत्येक संख्येसाठी एक लांबट चौकट काढायची. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत ही पद्धत १९८०च्या दशकात आली. आधी हाताळायच्या वस्तू, मग चित्र, मग चिन्हं, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांची मांडणी तिच्या मुळाशी आहे. मणी-ठोकळे वर्गात होतेच, मधली पायरी तेवढी गाळली जात होती.

सुरुवातीला मुलांनी मणीच काढले. २४ गोल, प्रत्येकात रंग, की तास संपला! मग गोलांभोवती चौकट आखायला लावली, पुढे आतले गोल पुसून नुसता आकडा ठेवला. झाली पट्टी. 'बाई, किती सेंटिमीटरची काढू?' हा प्रश्न मात्र बरेच दिवस पुरला. लांबी अंदाजाने चालेल, पण लांब कुणाची आणि आखूड कुणाची हे चुकायचं नाही, एवढाच नियम ठेवला. ताई-दादाच्या उदाहरणात मेख तिथेच आहे. ताईची पट्टी लांब काढल्यावर ३० म्हणणारं मूल आपणच थांबतं.

चौथीत खरी मजा आली. 'दोघांचे मिळून ५०, ताईकडे ८ जास्त.' मुलं ५० चे निम्मे करून एकीकडे ८ मिळवतात, दुसरीकडे ८ वजा करतात: ३३ आणि १७. फरक १६ चा झाला हे कुणी तपासत नाही. पट्ट्या काढल्यावर जास्तीचा तुकडा हाताने झाकायला सांगितला. उरले ४२, सारख्या पट्ट्या दोन, म्हणून दादाचे २१ आणि ताईचे २९. पुढे बीजगणितात क्ष + क्ष + ८ = ५० म्हणून भेटणार ते हेच.

सगळीकडे पट्टी चालत नाही. '२४ फुलांचे ४-४ चे गुच्छ किती?' यात तुकडे किती हेच माहीत नसतं, मग आखायचं काय? तिथे मी सरळ गोल काढून गट पाडू देते.

आता अधूनमधून उलटं करते. फळ्यावर आकडे घातलेल्या दोन पट्ट्या, एका जागी प्रश्नचिन्ह; उदाहरण मुलांनी रचायचं. काही जण जे शोधायचं तेच गोष्टीत सांगून टाकतात. मग मागच्या बाकावरून ओरड येते, 'यात विचारलंय काय?' आणि वही दुरुस्तीला परत जाते.