पणजीचा नंबर

आजचा दिवस भारतातून करारावर मजुरीसाठी मॉरिशसला आलेल्या पणज्यांच्या कागदांत गेला. शंभरीच्या आसपास जगलेल्या बाईचं नेमकं वय कुठेच सापडत नाही, हे पुन्हा पटलं. जहाजातून उतरताना कारकुनाने चेहरा बघून लिहिलेला आकडा असतो तो. चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.

शोध नेहमी उलटा करायचा. आधी आजी-आजोबांचा जन्मदाखला, मग पणजीच्या लग्नाचा आणि मृत्यूचा. यांत बहुधा इमिग्रेशन नंबर, म्हणजे आलेल्या प्रत्येक मजुराला दिलेला क्रमांक, सापडतो. तो मिळाला की अर्धं काम झालं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात त्या नंबरावर नोंदवहीची ओळ निघते: बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. नशीब असेल तर फोटोही.

नुसत्या नावावर शोधाल तर फसाल. आडनाव बऱ्याचदा नसतंच, आणि नवऱ्याचं नाव पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसतं. बायकांना स्वतंत्र नंबर असे, त्यामुळे नवऱ्याचा नंबर लावून तिची ओळ मिळणार नाही. मुंबई बंदर हे गाव समजू नका, तिथून फक्त जहाज सुटलं. रत्नागिरी ‘रटनाघेरी’ आणि सावंतवाडी ‘सावंत वारी’ अशी लिहिलेली असू शकते, म्हणून गावाचं नाव मोठ्याने वाचा. कोकणी कानाला ते चटकन कळतं.

हे मजूर जिथे उतरले त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत.