दोन कॉर्नर त्यांचे, दोन माझे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या मशीनशॉपना मी टूलिंग, म्हणजे मशीनवर लागणारी कापायची हत्यारं, विकते. मुख्य माल म्हणजे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कापणारे इन्सर्ट: होल्डरमध्ये बसवायचे छोटे धारदार तुकडे. शॉपफ्लोअरवर त्यांना सगळे टिपाच म्हणतात. हा माल शिवाजी उद्यमनगरपासून गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत रोज लागतो, पण तो विकणाऱ्या बायका अजून फार थोड्या आहेत. या धंद्यात येणाऱ्या मुली विचारतात, गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं? मी त्यांना एका ट्रायलबद्दल सांगते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनवर माझी टिप चालवून दाखवली त्याबद्दल.

फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचं, काम करणारं शॉप होतं. मालकांचा हिशोब सरळ होता. "आमची टिप २१० ला पडतीय, तुमची २६० ला. मग बोलायचं काय?" मी म्हटलं, टिपेचा दर बाजूला ठेवू, एका जॉबमागे, म्हणजे कापलेल्या एका नगामागे, खर्च किती येतो ते बघू. ते तयार झाले. सुपरवायझर म्हणाले, "मग उद्या तुमच्या साहेबांना पाठवा की." ट्रायल मीच घेणार आहे म्हटल्यावर ते गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टलाच पोचले. पायात सेफ्टी शूज, केस टोपीखाली बांधलेले, ओढणी नाही. जॉब पकडून फिरणाऱ्या चकजवळ उभं राहायचं तर एवढं हवंच. सुपरवायझरनी माझा खोका हातात घेतला. "सीएनएमए १२०४१२. पयलं बारा आणि शेवटचं बारा एकच काय, मॅडम?" मी सांगितलं, पहिलं बारा म्हणजे कापणाऱ्या धारेची लांबी, १२ मिमीहून थोडी जास्त. शेवटचं म्हणजे टोकाची गोलाई, १.२ मिमी. ते काही बोलले नाहीत, पण बसायला स्टूल आणून दिलं.

सातव्या जॉबला माझ्या टिपेचा कॉर्नर, म्हणजे कापणारं टोक, उडाला. आजूबाजूचे ऑपरेटर बघायला लागले. मी टिप काढून उजेडात धरली. धार झिजलेली नव्हती, तिचा तुकडा निघाला होता. झीज असेल तर स्पीड आणि ग्रेड (टिपेच्या मटेरियलचा प्रकार) तपासायचे. तुकडा उडाला तर टिप बसते कशावर ते आधी बघायचं. कास्टिंगमध्ये वाळू अडकली असली तरी असं होतं, म्हणून जॉबही फिरवून पाहिला. तो स्वच्छ होता. मग होल्डर पुसून नखानं चाचपला. टिपेखालचा शिम, म्हणजे आधाराची पातळ चकती, एका कोपऱ्यात खचला होता, त्यामुळे नेमका कापणाऱ्या टोकालाच खालून आधार नव्हता. बॅगेतला नवा शिम बसवला.

त्यांच्या टिपेला एका कॉर्नरवर १४ जॉब मिळत होते. पण ते खचलेल्या शिमवर. माझा नव्या शिमवरचा आकडा त्याच्याशेजारी मांडला असता तर ऑर्डर तिथंच पक्की झाली असती. मी म्हटलं, तुमची टिपही नव्या शिमवर चालवू. दोन कॉर्नर तुमचे, दोन माझे. सुपरवायझर म्हणाले, "स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेतायसा?" पण मला त्या मशीनवर पुढची कित्येक वर्षं माल द्यायचा होता. खोटा आकडा पुढच्याच महिन्यात उघडा पडतो, आणि मग एका बाईनं फसवलं ही गोष्ट सगळ्या शिरोलीत फिरते.

एका जॉबला तीन मिनिटं, त्यामुळे काम दुसऱ्या शिफ्टपर्यंत चाललं. शॉपमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, ऑफिसमधलं वापरावं लागलं. अशा ठिकाणी जायचं म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुली मी बघते, आणि मला राग येतो. थेट विचारायचं. मी विचारलं, त्यांनी किल्ली दिली.

त्यांच्या टिपेचे सरासरी २२ जॉब भरले, माझ्या टिपेचे ३१. टिपेला चार कॉर्नर, म्हणजे त्यांना जॉबमागे २ रुपये ३९ पैसे पडत होते आणि माझ्या टिपेनं २ रुपये १० पैसे. मालक म्हणाले, "२९ पैशासाठी एवढा दिवस?" महिन्याचं काम साधारण १२,००० जॉबचं. पैशात बचत साडेतीन हजारांच्या आसपास, ती काही फार नव्हे. पण कॉर्नर बदलायला दोन मिनिटं धरली तर महिन्याला दीडशेहून जास्त बदल वाचत होते, म्हणजे मशीनचे पाच तास. पाच तासांत शंभर जॉब निघतात. हे त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं.

रफिंगची, म्हणजे सुरुवातीच्या जाड कापाची, ऑर्डर मला मिळाली. फिनिशिंग, म्हणजे शेवटचा बारीक काप, जुन्याच पुरवठादाराकडे राहिलं, आणि तिथं त्याची टिप खरंच चांगली चालते. मालक ६० दिवसांचं उधार मागत होते, ते ४५ वर आणलं. निघताना सुपरवायझर बाकीच्या मशीनसाठी दहा शिम लिहून घ्या म्हणाले. मी म्हटलं, आधी सगळे होल्डर उघडून बघू, मग लागतील तेवढेच देते. चार लागले.