जीआर-५५ आणि स्ट्रॅट कॉपी: किट आत गेलं, आता जाड ईशी झुंज

मंडळी, जीआर-५५ म्हणजे रोलंडचा गिटार सिंथ, गिटारवरून बासरी-पियानोसारखे आवाज काढणारा डबा. त्याला प्रत्येक स्ट्रिंगचा सिग्नल वेगळा देणारं पिकअप लागतं, त्याचं किट एकदाचं माझ्या स्ट्रॅटोकास्टर छापाच्या गिटारच्या पोटात गेलं. आधी तसंच पिकअप, जीके-३, बाहेरून लावलेला होता, तो चालायचा मस्त, पण बॉडीवरचा तो काळा डबा कायम डोळ्यात खुपायचा. आता आत जीके-किट-जीटी३, खाली कडेला १३ पिनचं सॉकेट, आणि टोनचा एक पॉट (फिरवायचा नॉब) काढून तिथे सिंथचा व्हॉल्यूम. लाकूड कोरायचं काम ओळखीच्या सुताराकडून करून घेतलं, राउटर त्याच्याकडे होताच, "चांगल्या वस्तूला भोकं कशाला पाडताय साहेब" असं दोनदा म्हणाला पण काम एकदम चोख.

वायरिंगला घाबरणाऱ्यांसाठी, प्रकरण दिसतं तेवढं अवघड नाहीये. १ ते ६ पिनवर सहा स्ट्रिंगचे सहा वेगळे सिग्नल, ७ वर आपला नेहमीचा गिटारचा आवाज, ८ वर व्हॉल्यूम, १० आणि ११ वर जीकेचे दोन स्विच, आणि १२-१३ वर प्लस मायनस ७ व्होल्ट. म्हणजे करंट सिंथकडूनच केबलमधून येतो, गिटारमध्ये बॅटरीची भानगडच नाही.

आता कोणीतरी म्हणेलच की खरी सिंथ गिटार म्हणजे कॅसिओची पीजी-३८०. मान्य! ८० च्या दशकात कॅसिओनं आपल्याच व्हीझेड सिंथचं अख्खं इंजिन बॉडीत कोंबलं, ६४ आवाज आतच, खाली पेडलबोर्ड नको काही नको. पण आज आतला सर्किट बोर्ड गेला तर ती भिंतीवर टांगायच्या लायकीची उरते, त्यामुळे आवाज बाहेरच्या डब्यात आणि फक्त पिकअप आत हेच मला शहाणपणाचं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पिकअपच्या उंचीत. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि स्ट्रिंग ते पिकअप १ मिमी गॅप ठेवायचा, प्रत्येक स्ट्रिंगखाली, आणि पिकअप ब्रिजच्या जितका जवळ तितकं बरं. मी फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घातला, जाड ईकडे, म्हणजे सगळ्यात जाड स्ट्रिंगकडे, गॅप बरोबर आणि बारीक ईकडे जास्त, मग एका टोकाला खाली पातळ शिम (पट्टी) टाकली तेव्हा जमलं. त्यानंतर जीआर-५५ च्या जीके सेटिंगमध्ये प्रत्येक स्ट्रिंगची सेन्सिटिव्हिटी, जोरात पिक मारला तरी मीटर टोकाला आपटू नये एवढी. पावसाळ्यात नेक थोडी हलतेच, अ‍ॅक्शन (फ्रेटपासून स्ट्रिंगची उंची) बदलली की हा गॅपही बदलतो, त्यामुळे जुलैत पुन्हा एकदा बघणार.

बरं आता मुख्य दुखणं. जाड ईवर सिंथचा आवाज मागून येतो. यात डब्याचा दोष कमी आणि फिजिक्सचा जास्त आहे, कारण ती स्ट्रिंग ८२.४ हर्ट्झची, म्हणजे एक फेरा पुरा व्हायलाच १२ मिलिसेकंद, आणि कॉम्प्युटरला सूर ओळखायला निदान एक-दोन फेरे तरी बघावे लागतात, वर पिक लागल्या लागल्या पहिला क्षण नुसती खरखर असते ती वेगळीच. बारीक ईला तोच फेरा ३ मिलिसेकंदात होतो. मी गिटार आउट एका चॅनलवर आणि सिंथ दुसऱ्यावर रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म शेजारी शेजारी ठेवले, बारीक स्ट्रिंगवर फरक शोधावा लागतो, जाड स्ट्रिंगवर झूम न करता दिसतो.

मग उपाय काय, तर बेस लाइन जाड स्ट्रिंगवर वाजवायचीच नाही. पॅचमध्ये (सिंथमध्ये साठवलेल्या आवाजात) टोन एक ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक, खाली शिफ्ट करायचा आणि तीच लाइन डी स्ट्रिंगवर दुसऱ्या फ्रेटपासून वाजवायची, तिथला ई १६४.८ हर्ट्झ, फेरा ६ मिलिसेकंद, म्हणजे वाट बघणं निम्मं. बोटांना सवय व्हायला वेळ लागतो पण ग्रूव्ह एकदम घट्ट बसतो राव. महागडी केबल, नवीन फर्मवेअर, सगळं करून बघण्याआधी हे करा.

सिंथमधल्या मॉडेलिंग टोनला हा त्रास नाही, कारण तिथे सूर ओळखायचाच नसतो, स्ट्रिंगचीच लहर घेऊन तिला रंगवतात. रोलंडच्या जुन्या जीआर-३०० सिंथचं पण तसंच काहीसं, १९८० चा अ‍ॅनालॉग डबा, त्यातला ऑसिलेटर (आवाज तयार करणारं सर्किट) थेट स्ट्रिंगच्या लहरीला चिकटून चालतो म्हणून जॅझ गिटारिस्ट पॅट मेथेनीचा तो तुतारीसारखा लीड बोटाबरोबर हलतो. सोबतची जी-३०३ गिटार जपानमध्ये फुजीजेननं बनवलेली. माझ्या बजेटच्या बाहेर, पण मोह आहेच.

बासरीच्या पॅचवर क्रोमॅटिक (सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांवर बसवणारी सेटिंग) बंद ठेवलाय, नाहीतर मींड घेतली की पायऱ्या पायऱ्या ऐकू येतात, तेच पियानोला मात्र चालू हवा. बेंड हळू घेतला तर गंधारावरून मध्यमावर छान सरकतो, झटक्यात घेतला की मध्येच नवीन नोट ट्रिगर होते, तिथे सेन्सिटिव्हिटी अजून थोडी कमी करून बघायचीये. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर ठेवून न वाजणाऱ्या स्ट्रिंग दाबणं हे तर मस्टच, नाहीतर भुतं, म्हणजे न वाजवलेले सूर, वाजतात.

आणि रोलंडचा पुढचा पिकअप जीके-५ घ्यायचा का विचारणाऱ्यांना, तो डिजिटल आहे, केबलच वेगळी, १३ पिनच्या सिंथला जोडायला मध्ये जीकेसी-डीए कन्व्हर्टर लागतो. मी एवढं लाकूड कोरून बसलोय, त्यामुळे सध्या तरी १३ पिनच.