हजेरी सुरात

ग्रुपवर मेसेज आला, शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढतोय, माजी विद्यार्थ्यांनी मनोगत पाठवा. मनोगत म्हणल्यावर मला हसूच आलं, कारण मनातलं तोंडावाटे बाहेर काढणं हाच तर शाळेत असताना माझा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होता. १९९६ च्या दहावीच्या बॅचवाल्यांना आठवत असेल, रोल नंबर बत्तीस, त-त-प-प. "बोल की बे लवकर, तास संपला" म्हणून मागच्या बाकावरून ओरडणाऱ्यांवर आता काही राग नाही, त्यातले दोघं माझ्या पोरीच्या बारशाला जेवून गेलेत.

ज्याला अडखळण्याचा त्रास नाही त्याला ते सांगून कळत नाही. शब्द माहीत असतो, तोंडात तयार असतो आणि ऐनवेळी गळ्यात कुणीतरी आतून कडी लावून घेतं. माझं "क" शी फार वाकडं. राहायला सोलापुरात कन्ना चौकाजवळ, आणि रिक्षावाल्याला कन्ना चौक म्हणायचं म्हणजे संकट, मग मी सरळ अशोक चौक म्हणायचो, तिथं उतरायचो आणि दप्तर घेऊन उलटा चालत घरी यायचो. आई विचारायची एवढा उशीर का, तर रिक्षा मिळाली नाही म्हणायचो, तेही तीन हप्त्यात.

वर्षातून एकदाच मी भर रस्त्यात मोठ्यानं बोलायचो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा असते, अण्णा, म्हणजे माझे वडील, मला खांद्यावर बसवायचे आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीबरोबर मी पण घसा फोडून ओरडायचो, एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र! त्यात क आहे, भ आहे, ब आहे, सगळे माझे दुश्मन. एकदाही अडलो नाही. का नाही अडलो हे तेव्हा डोक्यात आलंच नाही, पोरगं होतो, लक्ष सगळं गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेतल्या, पाळण्याकडं.

संगीताच्या बाई आम्हाला सातवीला आल्या. व्हरांड्याच्या टोकाची ती खोली आठवते का, जिथं निम्म्यात मोडकी बाकं रचलेली असायची? पेटीच्या भात्याला चीर गेलेली, तिथं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं. आणि मधल्या सप्तकातला कोमल निषाद दाबला की परत वर यायचाच नाही, खाली बसून रें करत राहायचा, मग बाई वाजवता वाजवता अंगठ्याच्या नखानं ती पट्टी उचलायच्या, गाणं कुठंच थांबायचं नाही. आम्हाला वाटायचं पेटी अशीच वाजवतात. पुढं मी माझी पेटी घेतली तेव्हा सुरवातीला माझाही अंगठा उगाच तिथं जायचा.

तर हजेरी. बाकी तासांना हजेरी म्हणजे माझ्या पोटात गोळा, एकोणतीस, तीस, एकतीस जवळ येत जायचं तसा घाम फुटायचा, "हजर" मधला "ह" यायचा आणि पुढचं अर्ध्या वर्गाच्या हसण्यात बुडून जायचं. बाईंनी दुसऱ्या की तिसऱ्या तासाला सांगितलं, आपल्याकडं हजेरी सुरात. त्या "सा" लावून नंबर म्हणायच्या आणि पोरानं पंचमात, म्हणजे "प" च्या सुरात, हजर म्हणायचं, ह-ज-र, लांबवून, श्वास संपेपर्यंत. पहिल्या दिवशी हसून हसून लोळलो सगळे. एकाचा आवाज फाटला, एकीनं लाजून वहीत तोंड घातलं. बत्तीस आला आणि माझ्या तोंडातून हजर बाहेर पडलं, सरळ, तुपात सुरी जावी तसं. कुणाच्या लक्षात पण आलं नाही, कारण सगळेच येड्यासारखे गात होते. मला वाटलं काय मजेशीर खेळ आहे. तो खेळ कुणासाठी काढला होता हे मला कळायला अठरा-वीस वर्षं लागली, तोवर बाई रिटायर होऊन सोलापूर सोडून गेल्या होत्या.

याचं कारण मी पुढं वाचलं. अडखळणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत, आणि दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना पण फार कमी अडखळतात. म्हणजे गड्ड्यातलं कोडं तिथं सुटलं. गाण्यात स्वर लांबतो, आवाज मध्ये तुटत नाही, पुढचा शब्द आधीच पाठ असतो आणि तो कधी टाकायचा हे ताल सांगतो, आपल्याला ठरवावं लागत नाही. आणि श्वास. बाई खर्जात सा धरायला लावायच्या, दम संपेपर्यंत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा सावकाश होतात, म्हणून लांब सूर लावला की छातीतली धडधड उतरते, यात चमत्कार काही नाही, शरीराचंच काम आहे. अमुक राग ऐका शुगर गायब, तमुक राग ऐका बीपी नॉर्मल, असले फॉरवर्ड येतात ते मी न वाचता डिलीट करतो. गाणं ऐकून माझा आजार गेला असं मी म्हणणार नाही कारण गेलाच नाही, अजून फोनवर अनोळखी माणूस आला की माझी कडी लागते. फक्त लागली की मी आता घाबरत नाही, थांबतो, श्वास सोडतो, समोरचा हॅलो हॅलो करतो, करू दे.

गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची प्रारंभिक परीक्षा पण बाईंनीच द्यायला लावली. परीक्षकांनी भूप गायला सांगितला, गायलो. मग म्हणाले, रागाची माहिती सांग. वादी गंधार, संवादी धैवत, म आणि नि वर्ज्य, सगळं घोकलेलं, पण भूपातला भ काही केल्या सुटेना. शेवटी मी माहितीच सुरात म्हणून टाकली. परीक्षक एक मिनिट बघत राहिले आणि म्हणाले, बरं, आता अलंकार.

खरं मला लिहायचं होतं ते अण्णांचं. अण्णांनी उभी हयात पॉवरलूमवर काढली. आमच्या बाजूला मागाचा आवाज म्हणजे अंगाई, लाइट गेली आणि माग थांबले की पाळण्यातली बाळं दचकून उठायची. ऑक्टोबर २०१८ ला अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बरोबर बोलणं गेलं. समजत सगळं होतं. काय पाहिजे ते पण ठरलेलं असायचं, पण तोंडातून फक्त "हे, हे" आणि मग चिडून स्टीलचा ग्लास भिंतीवर. आई रडायची. मला मात्र तो चेहरा ओळखीचा होता, मी तो लहानपणी आरशात रोज बघितला होता. घरात त्यांचं दुखणं कळणारा मी एकटाच होतो आणि करता काहीच येत नव्हतं, त्या दोन महिन्यात मी पेटीवरचं कापड पण काढलं नाही. रात्री त्यांच्या कॉटशेजारी जमिनीवर पडून खर्जात नुसता सा धरायचो, हळू, आईला पण ऐकू जाणार नाही असा. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी, नाहीतर झोप येत नव्हती.

जानेवारीत यात्रा आली. अण्णांनी डाव्या हातानं खिडकीकडं दाखवून हे हे लावलं, मग रिक्षात घालून बाळीवेशीत नेलं, एका पानटपरीच्या आडोशाला व्हीलचेअर लावली. नंदीध्वज आले, गर्दीतून आवाज उठला आणि माझ्या शेजारी खालून अजून एक आवाज आला, घोगरा, अर्ध्या ओठातून, पण अख्खा. एकदा भक्तलिंग हर्र. मी खाली बघितलं तर अण्णाच माझ्याकडं बघत होते, हे कोण बोललं अशा तोंडानं. परतताना रिक्षात बसल्यावर परत हे हे सुरू झालं, पण ग्लास फेकायचा राग त्यात नव्हता.

स्पीच थेरपीच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाठ असलेलं आणि सुरातलं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं, यावरून बोलणं आलं असं समजू नका, पण वाट शिल्लक आहे. बोलण्याचं मुख्य काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू बघते, गाण्यात उजवीचा हात मोठा. यावर बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली, साधी वाक्यं दोन सुरात म्हणायची, एक वरचा एक खालचा, आणि दर अक्षराला डाव्या हातानं ठोका द्यायचा. सुरवातीला बरोबर म्हणायचं, मग आपण हळूच गप्प व्हायचं, मग सूर कमी कमी करत साध्या बोलण्याकडं आणायचं. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही हे पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं.

मी घरी येऊन पेटीवरचं कापड काढलं. पा-णी. च-हा. दु-ख-तंय. रोज सकाळी अर्धा तास, अण्णांचा डावा हात माझ्या हातात, मांडीवर ठोका. पहिला महिना काही नाही. त्यांना लाज वाटायची, सत्तरीच्या माणसानं पोरासमोर पाणी गाऊन मागायचं म्हणजे काय. मग मी आईला आणि बायकोला सांगितलं, आपल्या घरात यापुढं सगळ्यांनी सुरात मागायचं, पोरीला तर काय आयतंच मिळालं, ती मोबाईल पण गाऊन मागायला लागली. शेजारच्यांना वाटलं असेल यांच्या घरात सगळ्यांनाच झटका आला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अण्णा म्हणाले, पाणी. दोन सुरात.

सूर कमी करत न्यायचं म्हणतात ते आमच्याकडं काही झालं नाही. अण्णांचे पन्नास-साठ शब्द आले, सगळे सुरातलेच, साधं बोलायला गेले की परत हे हे. मॅडमच्या वहीत ते अर्धवट यश असेल. आता हे टाइप करतोय तर आतल्या खोलीतून अण्णांचा "चहा" आला, गंधार-सा, बरोबर. थोड्या वेळानं परत आला, यावेळी पट्टी चढवून. स्वयंपाकघरातून आईनं त्याच सुरात उत्तर दिलं, आत्ताच झाला की हो.