ड्रायव्हर साइडचा गाल

माझे दोन गाल एका वयाचे नाहीत. मी ६६ वर्षांचा. डावा गाल साठीचा वाटतो, उजवा पंचाहत्तरी ओलांडलेला. हे सगळ्यांत आधी न्हाव्याच्या लक्षात आलं. उजवीकडे वस्तरा फिरवताना त्याला कातडी दोन बोटांनी ताणून धरावी लागते, डावीकडे लागत नाही. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत खोल घड्या, कानशिलावर चॉकलेटी डाग, आणि मानेवर उजव्या अंगाला अशा आडव्याउभ्या रेघा की पोरं म्हणतात, आबा, तुमच्या मानेवर चौकटीचा कागद छापलाय.

कारण सरळ आहे. मी एस.टी.चा ड्रायव्हर. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. आणि नोकरीची बरीच वर्षं माझी ड्यूटी सोलापूर-पुणे.

आता ज्यांना नकाशा डोळ्यांसमोर आणता येतो त्यांनी आणा. सोलापूरहून पुण्याला जाताना गाडीचं तोंड वायव्येला. म्हणजे ड्रायव्हरची खिडकी ईशान्येला. सकाळी सहाची गाडी काढली की मोहोळच्या आसपास ऊन उजव्या कानावर येतं, टेंभुर्णीपर्यंत गालावर स्थिर होतं, इंदापूर-भिगवण होईस्तोवर हलत नाही. दुपारी स्वारगेटहून परत निघालो की तोंड आग्नेयेला, खिडकी नैर्ऋत्येला, आणि सूर्यही तिकडेच कललेला. जाताना उजवा गाल, येताना उजवा गाल. उलटी ड्यूटी असती, दुपारी जाऊन सकाळी यायची, तर ऊन डावीकडच्या पॅसेंजरांना लागलं असतं. टाइमटेबल लावणाऱ्याने काही मुद्दाम केलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर ते टाइमटेबल छापलेलं आहे.

खाकी शर्ट अर्ध्या बाहीचा. उजवं कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकलेलं. एप्रिल-मेमध्ये मी ओला पंचा खिडकीला लावायचो, तो यवत यायच्या आत कडकडीत वाळायचा आणि वाऱ्याने आरशावर फडफडायचा, म्हणून काढून टाकायचो. थंडीपावसात काच बंद. तेव्हा वाटायचं, चला, आता ऊन लागत नाही.

तिथेच मेख आहे. निवृत्तीनंतर कानशिलावरचा डाग दाखवायला गेलो तेव्हा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ते समजावून सांगितलं. डाग साधा निघाला. पण एखादा डाग वेडावाकडा वाढायला लागला, रंग बदलला, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त यायला लागलं तर घरी बसायचं नाही, असं बजावलं. मग म्हणाल्या, उन्हात दोन जातींचे अतिनील किरण असतात. एक जात कातडी वरून भाजते, ती काच बऱ्यापैकी अडवते. दुसरी जात भाजत नाही, चटका देत नाही, पण काचेतून आत येते आणि कातडीच्या खालच्या थरात उतरते. तिथे कोलॅजन नावाचे धागे असतात, कातडी ताठ ठेवणारे. ते ती तोडत राहते. समोरची मोठी काच दोन काचांच्या मध्ये पडदा घालून केलेली असते, ती ही जातही अडवते. बाजूची साधी काच तेवढी अडवत नाही.

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतला ६९ वर्षांचा माल पोचवणारा ट्रकवाला, २८ वर्षं गाडी चालवलेला. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेला फोटो. अर्धा चेहरा बरा, अर्धा लोंबलेला आणि सुरकुत्यांनी भरलेला. फक्त त्याचा डावा गाल गेलेला, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी बघतच राहिलो. परक्या मुलखातला, भाषा वेगळी, पण माणूस आपल्याच खात्यातला.

मग बाई म्हणाल्या, नुसत्या वयाने कातडी कशी होते ते बघायचं असेल तर दंडाची आतली बाजू बघा. तुम्हीही बघा, सदरा वर करून. तिथे ऊन पोचत नाही. माझी तिथली कातडी पातळ झालीये, चिमटीत धरून सोडली की सावकाश बसते, बारीक कागदी सुरकुती आहे. पण डाग एक नाही आणि रंग लहानपणचा. ते खरं वय. बाकी कोपराच्या खाली जे आहे ते ड्यूटीचं. हल्ली त्याच हाताला दाराची कड नुसती घासली तरी जांभळा डाग उठतो आणि आठ-दहा दिवस राहतो. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही म्हणून.

आमच्या मास्तरांची तऱ्हा वेगळी. माझ्या गाडीवर बरीच वर्षं एकच कंडक्टर होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, सगळी नोकरी सावलीत. पण प्रत्येक स्टँडवर उतरले की बिडी. आज त्यांच्या ओठांभोवती उभ्या रेघा आहेत, बटव्याची नाडी ओढल्यासारख्या, आणि रंग राखेचा. त्यांचे दोन्ही गाल मात्र सारखे म्हातारे. धुराने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी पोचतं, कोलॅजन इथेही तुटतं, वर ओढताना ओठांचा चंबू दिवसातून किती वेळा. लग्नात शेजारी उभे राहिलो तर लोक त्यांनाच थोरले समजतात. ते चिडतात. (मी तंबाखू मळायचो. तिचा हिशेब दाताच्या डॉक्टरकडे आहे.)

बायको आयुष्यभर रानात राबली, पण डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून. तिच्या कपाळाला आजही सुरकुती कमी. गालांवर वांग आहे, बाळंतपणात आला तो गेलाच नाही. आपल्या सावळ्या कातडीचं असंच असतं म्हणे: रंगद्रव्य जास्त म्हणून सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा, पण डाग आणि वांग लवकर. गल्लीतल्या एका सुनेने वांगावर मेडिकलमधून कुणाला न विचारता ट्यूब आणली. स्टेरॉइडची निघाली. पंधरा दिवस चेहरा उजळला, मग लाल, आगआग, आणि ट्यूब थांबवली की पुरळ. गोरेपणाच्या नादाने आपल्याकडे जेवढे चेहरे बिघडलेत तेवढे उन्हानेही नसतील, हे माझं मत.

मला स्वतःला डॉक्टरांनी फार काही दिलं नाही. रात्री पाय खाजायचे त्यावर साबण फक्त काखेत-जांघेत, पाणी कोमट, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल. उतारवयात कातडीचं तेल कमी होतं, त्यात रोज साबण घासून आपण उरलंसुरलंही काढतो. खाज खरंच गेली. सनस्क्रीन ३० की ५० यावर नातवाशी वाद झाला, तर बाईंनी सांगितलं की ३० नंबर सत्त्याण्णव टक्के अडवतो आणि ५० अठ्ठ्याण्णव, पण हे दोन्ही आकडे भाजणाऱ्या जातीच्या किरणांचे. दुसऱ्या जातीसाठी डबीवर वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. आणि लोक लावतात चिमूटभर, मग नंबर कुठलाही असो.

पुतण्या ड्रायव्हर आहे. ए.सी. गाडीवर, काच कायम बंद. त्याला वाटायचं, काका, आमचं तुमच्यासारखं नाही, गार बसून असतो. त्याला शर्ट काढून माझे दोन्ही हात शेजारी शेजारी दाखवले. पुढच्या आठवड्यात त्याने मोटरसायकलवाले घालतात तसल्या बाह्या आणल्या. जोडी होती, पण तो घालतो एकच, उजवीकडची. डावी धुऊन ठेवतो, उजवी फाटली की तीच घालायची म्हणतो.