भोंडल्याचा व्हिडिओ आणि वॉशिंग्टनचं कोर्ट : जीबीएसच्या भरपाईचा माझा अनुभव

अमेरिकेत फ्लूच्या लशीने काही बरंवाईट झालं तर लस बनवणाऱ्या कंपनीला किंवा टोचणाऱ्या फार्मसीला थेट कोर्टात खेचता येत नाही. आधी दावा लावायचा तो सरकारवर, केंद्रीय आरोग्य खात्याच्या सचिवांच्या नावाने. १९८६ च्या कायद्याने ही वाट काढली आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून ती चालू आहे. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या आजारांवर चालते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर घेतात, तो एका निधीत साठतो आणि भरपाई त्यातून मिळते. कोणाची चूक झाली हे सिद्ध करायची गरज नाही. कागदावर हे फार सरळ दिसतं. गाडी अडते ती तारखांवर.

मी न्यू जर्सीत राहते, एका अकाउंटिंग ऑफिसात काम करते. २०२२ च्या सप्टेंबरच्या अखेरीस, नवरात्र सुरू झालं त्या आठवड्यात, दरवर्षीसारखी फ्लूची लस घेतली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की मागे राहिली, हे खाली बघितल्याशिवाय कळेना. मग जिना चढताना गुडघे मुडपायला लागले. इमर्जन्सीत गेले तर कंबरेत शीर दबली असेल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्यानंतर एका सकाळी कमोडवरून उठताच येईना. नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे मणक्यातलं पाणी काढून तपासलं, प्रथिनं वाढलेली आणि पेशी नॉर्मल. न्यूरॉलॉजिस्टने गुडघ्यावर हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही. निदान झालं गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून चढवलं. श्वासाचे स्नायू शाबूत आहेत ना हे बघायला ठरावीक वेळाने नळीत जोरात फुंकायला लावायचे, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. दिवाळी त्याच खोलीत गेली. पुढे रिहॅब, वॉकर, मग काठी. डाव्या पावलाला प्लॅस्टिकचा ब्रेस अजून लागतो, आणि बारीक मण्यांचं मंगळसूत्र ओवायचं काम मी सोडून दिलंय.

भरपाईचा पत्ता मला कोणा डॉक्टरने दिला नाही. लस घेताना फार्मसीत एक छापील पान हातात देतात, ते कोणी वाचत नाही. माझं बिलाबरोबर ड्रॉवरमध्ये पडून होतं. फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचा धोका अगदी किंचित वाढू शकतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नुकसानभरपाईची योजना आहे आणि दावा करायला मुदत आहे, हेही खाली आहे. जिवंत माणसासाठी ही मुदत पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं. लस घेतल्यापासून नव्हे, निदान झाल्यापासून तर नव्हेच.

वकील शोधायला घाबरत होते, कारण इथे वकिलाचा तासाचा दर ऐकूनच माणूस बरा होतो. पण या योजनेत वकील तुमच्याकडून फी घेऊच शकत नाही. ती कोर्ट ठरवतं आणि निधीतूनच देतं. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरल्यावरही देतं. आमच्या वकीलबाई दुसऱ्या राज्यातल्या, त्यांना मी आजतागायत प्रत्यक्ष भेटलेले नाही. त्यांनी पहिल्या फोनवर माझी तब्येत विचारली आणि लगेच म्हणाल्या, सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबू. त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकला हे दाखवावं लागतं. (हॉस्पिटलात राहून शस्त्रक्रिया झाली असेल तर ती अट नाही, पण जीबीएसमध्ये शस्त्रक्रिया कुठून येणार?)

मग कागद. लशीची नोंद, त्यात लॉट नंबर (म्हणजे लस कोणत्या खेपेतली तो आकडा) आणि कोणत्या दंडात टोचली तेसुद्धा. दोन्ही हॉस्पिटलांच्या फायली, रिहॅब, फिजिओ, न्यूरॉलॉजिस्ट, आणि लशीच्या आधीच्या तीन वर्षांचे फॅमिली डॉक्टरचे कागद. हे सगळं वकीलबाईंची मदतनीस, म्हणजे पॅरालीगल, मागवत होती, मी सह्या करत होते. वकीलबाई त्या ढिगात जुलाब शोधत होत्या. जीबीएस बऱ्याचदा पोटाच्या किंवा घशाच्या संसर्गानंतर होतो, त्यामुळे तसं काही सापडलं तर सरकार त्यावर बोट ठेवणार. सुदैवाने माझं पोट त्या महिन्यात गुणी मुलासारखं वागलं होतं.

२०२३ मध्ये दावा दाखल झाला. कोर्ट वॉशिंग्टनला, व्हाइट हाउसशेजारी लाफायेट स्क्वेअरला आहे. मला तिथे एकदाही जावं लागलं नाही. लशीच्या दाव्यांच्या नंबराच्या शेवटी ‘व्ही’ अक्षर असतं. ज्युरी नाही, ‘स्पेशल मास्टर’ म्हणजे न्यायाधीशासारखा अधिकारी निकाल देतो. कायद्याने असे जास्तीत जास्त आठच नेमता येतात आणि दावे मात्र देशभरातून येतात, त्यामुळे रांग लांब. कायद्यातली २४० दिवसांची मुदत उलटली की हवं तर दावा मागे घेऊ शकता असं पत्र येतं. मी ते वाचून घाबरले, वकीलबाईंनी सांगितलं की ते जवळपास सगळ्यांनाच येतं.

जीबीएसच्या बाबतीत माझं नशीब म्हणायचं तर २०१७ च्या मार्चपासून फ्लूची लस आणि जीबीएस ही जोडी, कोणत्या लशीने कोणता आजार होतो असं धरायचं, त्या सरकारी तक्त्यावर आहे. लस घेतल्यावर ३ ते ४२ दिवसांच्या आत पहिलं लक्षण आलं आणि दुसरं कारण नाही, तर लशीमुळेच झालं असं गृहीत धरतात. तक्त्याबाहेरचा आजार असेल तर तज्ज्ञ आणा, सिद्धांत मांडा, ते वर्षानुवर्षं चालतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं. सरकारी वकिलांचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की लक्षणं लस घेण्याच्या आधीची आहेत, भरपाई नाकारावी. झालं असं, की पहिल्या इमर्जन्सीत नर्सने विचारलं, काय होतंय? मी सांगितलं, कंबर महिनाभर दुखतेय, घर बदलताना खोकी उचलली होती, आणि आता चार-पाच दिवसांपासून पाय बधिर झालेत. नर्सने एका ओळीत टाकलं : कंबरदुखी, पाय बधिर, एक महिना. बास. ती ओळ पुढच्या डॉक्टरने उचलली, दुसऱ्या हॉस्पिटलाने पहिल्याची फाइल मागवली तेव्हा तिथेही आली, रिहॅबच्या दाखल करून घेण्याच्या कागदावर आली. प्रत्येक ठिकाणी कॉपी-पेस्ट. मला प्रत्यक्ष विचारून लिहिणारा एकटा न्यूरॉलॉजिस्ट, त्याच्या कागदावर दिवसांचाच हिशेब होता. महिन्याने मागे मोजलं तर आपण थेट लशीच्या आधी जाऊन पडतो, आणि सगळा दावा साफ.

अशा वेळी हॉस्पिटलचा त्या त्या वेळी लिहिलेला कागद आणि नंतर कोर्टासाठी लिहिलेलं तुमचं प्रतिज्ञापत्र यांत पारडं साहजिकच कागदाचं जड असतं. पण कायद्यातच एक कलम आहे, की लक्षणाची नोंद झाली नसेल किंवा चुकीच्या तारखेची झाली असेल, तरी ते तक्त्यातल्या मुदतीत आलं असा निष्कर्ष स्पेशल मास्टर काढू शकतो. त्यासाठी त्या दिवसांतलं काहीतरी हवं. वकीलबाई म्हणाल्या, फोन उघडा.

फोनमध्ये पुण्याच्या ताईशी झालेलं बोलणं सापडलं. मी : “सकाळपासून तळपायांना मुंग्या आहेत गं, जातच नाहीत.” ताई : “मिठाच्या कोमट पाण्यात पाय घालून बस. आणि ते एसी बंद कर.” तारीख-वेळ ठळक. अनुवादकाच्या दाखल्यासह त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, आणि ताईचा मिठाचा उपाय अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टाच्या रेकॉर्डवर गेला. तिला कळवलं तर म्हणाली, “मग केला होतास का तू?”

पण खरं काम भोंडल्याने केलं. लस घेतल्यानंतरच्या शनिवारी मराठी मंडळाचा भोंडला होता. एका मैत्रिणीने सगळं शूट केलेलं. पाटावरच्या हत्तीभोवती आम्ही फेर धरलाय, मी काठापदराची साडी नेसून अनवाणी, आणि फेर जलद झाल्यावर बाकीच्या दमून बाजूला होतायत तर मी एकीचा हात धरून फुगडी घालतेय. महिनाभर पाय बधिर असलेली बाई फुगडी घालत नाही. वकीलबाईंनी तो व्हिडिओ बघून विचारलं की मध्ये हत्ती कशाला. मी हस्त नक्षत्रापासून सुरुवात केली, त्यांनी नम्रपणे थांबवलं. मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र, व्हिडिओ, ताईचे मेसेज आणि न्यूरॉलॉजिस्टची नोंद असं सगळं दाखल केलं. सुनावणी झालीच नाही, कागदांवरच निकाल आला : पहिलं लक्षण लशीनंतर, मुदतीच्या आत.

त्यानंतर प्रश्न उरतो पैशांचा. वेदना आणि मनस्तापासाठी कायद्याची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि १९८६ पासून ती एका सेंटने वाढलेली नाही, हे मला आजही खटकतं. बुडालेला पगार आणि खिशातून गेलेला खर्च वेगळा. ब्रेसची बिलं, बाथरूमचे दांडे, फिजिओला जायचा खर्च, सगळं सादर करावं लागतं. जुने निकाल कोर्टाच्या साइटवर सगळ्यांना वाचता येतात, दोन्ही बाजू त्यांचेच दाखले देत ओढाताण करतात. आमची तडजोड २०२५ मध्ये झाली. आकडा इथे लिहीत नाही. माझाही निकाल साइटवर चढणार म्हटल्यावर, नावाऐवजी फक्त आद्याक्षरं ठेवावीत असा अर्ज केला. त्याला चौदा दिवस मिळतात.

ही बोलणी चालू असतानाच पुण्यात जीबीएसची साथ आली, सिंहगड रस्ता, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी. दोनशेच्या वर संशयित रुग्ण, आणि कारण दूषित पाणी व त्यातला कॅम्पिलोबॅक्टर जंतू. ताई रोज फोन करून विचारायची, पाणी किती वेळ उकळू? मंडळात मात्र लोक मला पुरावा म्हणून वापरायला लागले : “बघा, हिला लशीने झालं, म्हणून आम्ही काही घेत नाही.” मला याचा भयंकर राग येतो. फ्लूच्या लशीने होणारा जीबीएस दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरा जास्तीचा, आणि खुद्द फ्लू होऊनही जीबीएस होतो. मला डॉक्टरांनी फ्लूची लस बंद सांगितली आहे, कारण सहा आठवड्यांच्या आत त्रास झालेल्यांना ती सहसा देत नाहीत. नवरा आणि मुलगा दरवर्षी घेतात, मीच आठवण करते.

करोनाच्या लशीचं प्रकरण वेगळंच आहे. टेक्सासमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांना २०२१ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या करोना लशीनंतर जीबीएस झाला. त्या लशीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला होता. पण करोनाच्या लशी या कोर्टाकडे येतच नाहीत. त्यांची योजना निराळी : निर्णय सरकारी खातं स्वतःच करतं, वकिलाची फी मिळत नाही, वेदनांचे पैसे नाहीत, आणि अर्जाची मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष. त्यांनी मला फोन केला तोवर ती कधीच उलटली होती. आता कोणाचाही फोन आला की मी आजाराची हकीकत ऐकायच्या आधी विचारते, कोणती लस, आणि कोणत्या तारखेला?